नुसतंच टक

चाप ओढल्यावर रायफलीने आवाज करावा, एवढी माफक अपेक्षा माझी तिच्याकडून होती. मोठा आवाज नको. आमची नेमबाजीची बारीक रायफल, तिचा आवाज म्हणजे कोणीतरी वहीने झुरळ मारल्यासारखा. पण तोही दर वेळी येईना. मी आडवी पडायची, श्वास धरायची, काळा ठिपका मधोमध आणायची, चाप हळूच ओढायची, आणि मधूनच आतून यायचं टक. दिव्याचं बटण दाबलं आणि वीज नाहीये, तसं.

टक झाल्यावर काय करायचं याचा नियम आहे. काहीच करायचं नाही. काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून नळी टार्गेटकडे तशीच ठेवून अर्धा मिनिट गप्प पडून राहायचं, मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं सरकतं झाकण, उघडायचा. शेजारच्या पट्टीवरचे लोक तोवर धडाधड मारत असतात, आणि मध्येच एकेक जण मान वळवून 'अगं बाई, बिचारी' असं बघून घेतो. मला वर्गात दोन मिनिटं गप्प बसणं जमलं नाही म्हणून तर शाळेचं आणि माझं फाटलं. इथे दुपारभर अर्धा अर्धा मिनिट गप्प बसून माझं डोकं कढईसारखं तापायचं.

एरवी मी रायफल गेली उडत म्हटलं असतं. पण माझं आणि बाबांचं एक बोलणं झालं होतं. येत्या रविवारी क्लबची निवड होती. चौघांचा संघ. मी त्या चौघांत आले तर वर्षभर घरात शाळेचा विषय बंद. नाही आले तर सोमवारी दप्तर पाठीला, तेही माझ्याहून लहान पोरांच्या वर्गात. बाबा विमा कंपनीत दावे तपासायला बसतात. त्यांनी मला हे तीनदा बोलून दाखवलं आणि आईला साक्षीदार म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं.

आता आमच्या घरची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. रायफल असायची बाबांच्या लोखंडी कपाटात, कुलपात. तिचा बोल्ट आईकडे, शिलाई मशीनच्या खणात, त्यालाही कुलूप. आणि काडतुसं काकांकडे, जिन्याच्या पलीकडच्या घरात, पेटीत. योजना बाबांची. ते म्हणायचे, घरातल्या तिघांची मती एकाच वेळी फिरल्याशिवाय ही पोरगी गोळी झाडू शकणार नाही. माझ्या स्वभावावर बाबांचा एवढा विश्वास. काका तर मला फटाकडीच म्हणतात.

"फटाकडी, आज किती फुसके?" मी जिन्यात दिसले की ते विचारायचे. सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. त्यांचा आवाजच तसा आहे.

त्यामुळे सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, हवामान खात्यातून निवृत्त झालेले. ते काठी टेकत खाली आले आणि म्हणाले, "दमटपणा." फक्त एवढंच. मग चहा पिऊन गेले. समोर दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांनी आरसा मागवला. म्हणजे त्यांच्याच दवाखान्यातून त्यांचाच, तो वाकड्या दांड्याचा. रायफल रिकामी आहे हे बाबांनी, आईने आणि काकांनी आळीपाळीने बघितल्यावर बाईंनी बोल्ट काढलेल्या जागेतून आत आरसा घातला, डोळा बारीक केला आणि निदान केलं, "स्वच्छता बेताची आहे. पण कीड नाही."

मी माझ्या परीने बघत होतेच. न उडालेली काडतुसं क्लबवर एका वेगळ्या बादलीत टाकायची असतात. टाकायच्या आधी एक उन्हात धरून बघितलं. बोल्टमधली पिन काडतुसाच्या बुडावर आपटते, तिचा ठसा होता, पण वरवरचा, ओल्या सिमेंटवर चिमणी बसून उडाल्यासारखा. उडालेल्या काडतुसावरचा ठसा खोल होता. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, "पिन जोरात येत नाहीये. आत काहीतरी अडतंय."

"असं एकदम निष्कर्षाला पोचायचं नसतं," बाबा म्हणाले, आणि एकदम हेडस्पेसच्या निष्कर्षाला पोचले.

हेडस्पेस हा शब्द त्यांना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने दिला होता. सहकाऱ्याने रायफल फोटोत बघितलेली. पण शब्द खरा निघाला. बोल्ट बंद केल्यावर काडतुसाच्या बुडाच्या काठाला आत जेवढी जागा मिळते, ती हेडस्पेस. जागा कमी असली तर बोल्ट लागतच नाही. जास्त असली तर काडतूस आत सैल राहतं, पिनचा फटका बसला की पुढे सरकतं आणि फटका वाया जातो.

"समज, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला मुस्कटात मारली," बाबा जेवता जेवता सांगत होते, "तर ती पूर्ण बसते. पण भिंत लांब असेल तर तो मागे जातो. अर्धी लागते."

"कोणाला मारताय?" आईने विचारलं.

"उदाहरण आहे."

"उदाहरणाला आमटी वाढू का?"

खरं सांगायचं तर मला उदाहरण पटलं होतं. पण बाबांना पटलेलं उदाहरण त्यांच्या हातात राहिलं की त्याचा प्रकल्प होतो. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून चिकटपट्टी घेऊन आले. उडालेलं, रिकामं काडतूस घ्यायचं, त्याच्या बुडावर चिकटपट्टीचा एक थर लावायचा, आत सरकवायचं, बोल्ट लावून बघायचा. लागला तर आणखी एक थर. बोल्ट अडला की समजायचं, जागा इतकी इतकी जास्त आहे. सहकाऱ्याने शिकवलेली पद्धत. बाबांनी एक थर लावला, बोल्ट लागला. दुसरा लावला, लागला. तिसऱ्याला कुरकुरत लागला. चौथा थर वाकडा बसला म्हणून काढून परत लावला. शेवटी चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "संशयास्पद."

हा शब्द ते ऑफिसात वापरतात. तिथे तो ऐकून लोकांचे जळलेले फ्रीज नामंजूर होतात.

पुढच्या दिवशी क्लबवर एकही गोळी उडाली नाही. एकही. पहिली टक, दुसरी टक, तिसरी टक. मी प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे अर्धा मिनिट पडून राहिले. चौथ्या वेळी शेजारच्या पट्टीवरचा मुलगा हसला, आणि मी उठून त्याला काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही, पण क्लबच्या सचिवांनी मला तासभर बाहेरच्या बाकावर बसवलं. बसल्या बसल्या बोल्ट नीट बघितला. त्याच्या तोंडावर काहीतरी चमकत होतं. घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने ते सोडवलं. चिकटपट्टीचा तुकडा. पिनच्या बरोबर समोर, गादीसारखा.

"हे फिलिंग कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

गादी काढल्यावर रायफल परत पहिल्यासारखी झाली. म्हणजे मधूनमधून टक. रविवार जवळ येत होता. शेवटी ठरलं की जाणकाराकडेच न्यायची. जाणकार एकच, बाजारामागच्या गल्लीत बंदुका दुरुस्त करणारा. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याच्याकडे हेडस्पेसची खरी मापं होती, पोलादी, मखमलीच्या डबीत. नवीनच आणलेली. डबी तो दाखवायचा पण हात लावू द्यायचा नाही, नव्या जावयासारखी ती गल्ल्यावर बसवून ठेवलेली.

"घेऊन या. आत्ता मापून देतो," मिस्त्री म्हणाला. "पण क्लबचं परवानगीपत्र लागेल. त्याशिवाय रायफल दुकानात घेत नाही मी."

आम्ही सचिवांकडे गेलो. सचिव म्हणजे नीट माणूस. टेबलावरची टाचणीसुद्धा काटकोनात.

"देतो की परवानगी," ते म्हणाले. "फक्त रायफल सदोष आहे असं मिस्त्रीचं पत्र आणा."

आम्ही मिस्त्रीकडे गेलो.

"न बघता कसं लिहून देऊ सदोष आहे म्हणून? आणा, बघतो."

"आणायला परवानगी लागते."

"मग परवानगी आणा."

आम्ही सचिवांकडे गेलो. बाबांना या सगळ्यात काही वावगं वाटत नव्हतं. ते उलट कौतुकाने मान हलवत होते, जसं गवयाने दुसऱ्या गवयाची तान ऐकावी. मलाच राहवेना.

"नुसता बोल्ट नेला तर?" मी म्हटलं.

सचिव दचकले. "बोल्ट म्हणजे सुटा भाग. सुट्या भागाला वेगळी परवानगी. ती इथे मिळत नाही."

"मग मापं रायफलीकडे आणली तर? मापांना परवानगी लागते का?"

सचिवांनी नियमांचं पुस्तक चाळलं. नियमात मापांबद्दल काही नव्हतं. "हरकत नसावी," ते म्हणाले. "पण मी हजर पाहिजे. आणि मला पुढच्या आठवड्याशिवाय सवड नाही."

पुढचा आठवडा म्हणजे रविवारनंतर. बाहेर आल्यावर मी बाबांकडे बघितलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा नियमाकडे पाठ फिरवली. ते हळूच म्हणाले, "मिस्त्रीला शनिवारी चहाला बोलावू. पाहुणा म्हणून."

शनिवारी दुपारी पाहुणा मखमलीची डबी घेऊन आला. ही बातमी जिन्यात कशी फुटली माहीत नाही (काका), पण हवामानवाले आजोबा आणि डॉक्टरीणबाई आधीच येऊन खुर्च्या धरून बसले होते. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली. बाबांनी रायफल आणली, आईने बोल्ट. मिस्त्रीने हात धुतले आणि डबी उघडली.

दोन मापं होती. एक बसायलाच पाहिजे असं, आणि दुसरं बसताच कामा नये असं. पहिलं घातलं की बोल्ट बंद झाला पाहिजे. दुसरं घातल्यावर नाही झाला पाहिजे. दोन्ही तसं झालं की हेडस्पेस ठीक. मिस्त्रीने पहिलं घातलं. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. दुसरं घातलं. बोल्ट अडला. हलक्या हाताने परत बघितलं. अडला.

"उत्तम आहे हेडस्पेस," मिस्त्री म्हणाला, पण जरा नाराजीनेच. नव्या मापांना काहीतरी सापडायला हवं होतं. बाबाही नाराज. एवढं वाचलेलं वाया गेलं.

"म्हणजे दमटपणाच," आजोबा म्हणाले.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, पिन अडतेय," मी म्हटलं. "ऐकतंय कोण? बोल्ट उघडा ना."

"मापणं वेगळं आणि उघडणं वेगळं," बाबा म्हणाले. "पाहुणे मापायला आलेत."

"बाबा, उद्या रविवार आहे!"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि बोल्टच्या शेपटीला पीळ दिला. तो म्हणत होता, "आत स्प्रिंग असते ताणलेली, ती अशी अंगठ्याने दाबून धरायची म्हणजे ती..." एवढ्यात 'पिंग' असं झालं आणि ती गेली.

कुठे गेली हे कोणालाच दिसलं नाही. आजोबा म्हणाले, छताकडे. बाई म्हणाल्या, त्यांच्या केसांत. काकांनी बाईंच्या केसांकडे हात नेला आणि काकू घरी नसतानाही मागे घेतला. मग सगळे खाली. बाबा खुर्च्यांखाली, काका दाराशी, मिस्त्री अख्खा कोचाखाली, बाहेर फक्त पाय. आजोबा वरून काठीने दिशा दाखवत होते. आणि बेल वाजली.

आईने दार उघडलं. दारात सचिव.

"सवड झाली म्हणून म्हटलं आजच उरकून टाकू," ते म्हणाले आणि आत बघून थांबले. टेबलावर उघडी रायफल. जमिनीवर चार पायांवर मंडळी. "हे पाय कोणाचे?"

"पाहुण्यांचे," आई म्हणाली.

"काय शोधतायत?"

"चमचा," बाबा खुर्चीखालून म्हणाले.

कोचाखालून मिस्त्रीचा आवाज आला, "स्प्रिंग नाही ओ इकडे!"

मी त्या वेळी शिलाई मशीनच्या खाली शिरले होते. तिथे, मशीनच्या पायाला टेकून, स्प्रिंग पडली होती. मी उचलली तर ती बोटालाच चिकटली. पिवळा, चिकट, गोंदासारखा थर, आणि त्या थरात वेटोळे घातलेले दोऱ्याचे तुकडे. निळे. मी बाहेर येऊन टेबलावरच्या बोल्टमध्ये डोकावले. आत पिनच्या भोवती तोच गोंद, तेच निळे दोरे, जणू चिमणीने घरटं घातलंय. पिन त्यातून पुढे येणार कशी, ती पाय ओढत येत होती.

तो निळा रंग मी ओळखला. आभाळाचा असा निळा नसतो, समुद्राचा नसतो. तो फक्त शाळेच्या गणवेशाचा असतो.

"आई," मी म्हटलं. "हे काय आहे?"

आईने स्प्रिंग बघितली. मग खणाकडे बघितलं, जिथे बोल्ट ठेवायची. तिथे आता निळ्या कापडाची घडी होती, वर कात्री.

"तेल घालते मी त्याला," आई म्हणाली. "दर शुक्रवारी. मशीनला घालते तेव्हा यालाही दोन थेंब. कोरडं लोखंड मला बघवत नाही."

"आणि दोरे?"

"उसवताना उडत असतील. तुझा गणवेश मोठा करत होते. उंची वाढलीये तुझी."

मला मुंग्या चावल्यासारखं झालं. "म्हणजे मी हरणार असं तू आधीच धरून चालली होतीस?"

"मी काही धरलं नव्हतं," आई शांतपणे म्हणाली. "शाळेत गेलीस तर घालशील. नाही गेलीस तर पायपुसणी करीन. कापड चांगलं आहे. तुम्ही दोघं बोलणी करता, गोष्टी तयार कोणी ठेवायच्या?"

यावर मला भांडायचं होतं. खूप भांडायचं होतं. पण मुद्दाच सापडेना, आणि मुद्दा नसताना मी भांडते असं लोक म्हणतात ते खोटं आहे.

"तेल आतून आटून असा गोंद होतो," मिस्त्री कोचाखालून निघत म्हणाला. केसांना जळमट. "शिलाईचं तेल, त्यात सुताचा कचरा. अति तिथे माती."

तेवढ्यात काका खाकरले. काका खाकरले की भूकंप होतो, तरी या वेळी हळू खाकरले. "तेलावरून आठवलं. काडतुसं मीपण पुसून ठेवतो हं. तेलाच्या फडक्याने. गंजू नयेत म्हणून."

मिस्त्री होता तिथेच बसला. "एकेक?"

"एकेक. प्रेमाने."

"अहो, तेल आत झिरपलं तर दारू भिजते!"

"म्हणजे दमटपणा," आजोबा म्हणाले, आणि समाधानाने काठीवर हनुवटी टेकली.

सचिव अजून दारातच उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी रायफलीकडे बघितलं, मिस्त्रीच्या जळमटांकडे, माझ्या चिकट बोटांकडे. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "मला पुढच्या आठवड्याशिवाय सवड नाही. मी आज इथे आलेलो नाही." आणि जाता जाता वळून, "काडतुसं क्लबवरची घ्या उद्या. यांची आणू नका."

बोल्ट मी साफ केला. मिस्त्री हात पुढे करत होता, मी दिला नाही. डॉक्टरीणबाईंनी बारीक ब्रश दिले, आणि दात घासायची पद्धत शिकवतात तशी शिकवत राहिल्या, खालून वर, गोल गोल. निळा दोरा एकेक करून ओढून काढला. आतून गोंद खरवडला, कोरडं पुसलं. मिस्त्रीने स्प्रिंग परत बसवली, या वेळी डोक्यावर चादर घेऊन. रिकामा बोल्ट दाबला तर पिन अशी आली की मिस्त्रीसुद्धा 'हां' म्हणाला.

रविवारी रायफल उडाली. पहिली, दुसरी, सगळ्या. प्रत्येक गोळीला तो वहीने झुरळ मारल्याचा आवाज, स्वच्छ, न अडखळता. मागे बाकावर आई, बाबा, काका, आजोबा, डॉक्टरीणबाई ओळीने बसले होते आणि प्रत्येक आवाजाला कीर्तनाला बसल्यासारख्या माना डोलावत होते. मिस्त्री डबी मांडीवर घेऊन होता.

घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं. इतके दिवस चाप ओढला की टक, त्यामुळे माझ्या खांद्याने तशीच सवय लावून घेतली होती. आता टक होणार, असं वाटून तो आधीच ढिला पडायचा, आणि नेमका तेव्हा आवाज व्हायचा. गोळ्यांच्या पहिल्या मालिकांत मी त्याला दाबून धरलं. शेवटच्या मालिकेत एक गोळी डावीकडे गेली. मग मला राग आला, आणि रागात आणखी एक गेली.

पाटी लागली. मी पाचवी. चौथ्याहून एका गुणाने खाली.

बाबा माझ्याआधी सचिवांच्या टेबलाशी पोचले होते. "आठवडाभर या रायफलीत बिघाड होता, हे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे दावे फेटाळणारा माणूस, पण दावा मांडायला लागला की काय मांडतो! "बिघाड स्वच्छ केला असला तरी पूर्ण गेला असं म्हणता येणार नाही. तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर..."

"बघा," सचिवांनी माझ्याकडे मान वळवली. खालच्या आवाजात म्हणाले, "नियमात सोय आहे. रायफल अडली असं तू सांगितलंस तर शेवटची मालिका परत मिळते. तुझं टक सगळ्या क्लबने ऐकलंय. कोणी शंका घेणार नाही. अडली होती का?"

मागून काकांचा आवाज आला, "अडली होती म्हण, फटाकडी!" म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले.

खोटं बोलायला माझी तशी काही हरकत नसते. गरज पडली तर मी बऱ्यापैकी बोलते. पण आदल्या दिवशी तासन्तास ब्रश घेऊन बसलेली मी. त्या बोल्टच्या आत आता एक दोरा नव्हता, तेलाचा एक डाग नव्हता. अडली म्हणजे? कोण म्हणतं अडली? माझं डोकंच फिरलं.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "एकदम फर्स्ट क्लास चालली. वाटल्यास बोल्ट उघडून दाखवते."

"नको नको," सचिव घाईने म्हणाले. मग पेन धरून थांबले. "मग शेवटच्या मालिकेतल्या दोन गोळ्या बाहेर का गेल्या? काहीतरी कारण असेल ना."

"मी वाईट मारल्या."

सचिव माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलापाशी वारा आला होता, ऊन आलं होतं, चष्मा, काडतुसं, मांजर, शेजारच्याचं शिंकणं आलं होतं. हे कारण बहुतेक पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, टाचणीला समांतर.

आम्ही फाटकापर्यंत चालत आलो, रायफल त्यांच्या खांद्याला, बोल्ट आईच्या पिशवीत. बोलणं बाबा जिंकले होते, पण चेहरा असा होता की समोरच्याला वाटावं यांचाच फ्रीज जळलाय. फाटकाशी ते थांबले, रायफलीचा पट्टा उगाच सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मंगळवारपासून गेलीस तरी चालेल."

मी लगेच हो म्हटलं. विचार करत बसले असते, तर त्यांनीही केला असता.